तो आवाज, ती प्रितीताई

आमच्या चाळीत सध्या बातमी अशी आहे की प्रितीताईच्या घशात गाठ होती, ती ऑपरेशन करून काढली आणि म्हणून तिचा आवाज बारीक झाला. पहिल्या मजल्यावरच्या सीमामावशीने तर गाठीचं मापही दिलं. "लिंबाएवढी रे, लिंबाएवढी! परळातच काढली. बघ आता कशी गोड बोलते पोरगी." बातमी तळमजल्यावर पोचेपर्यंत लिंबाची मोसंबी झाली होती.

खोटं आहे सगळं. गाठबीठ काही नव्हती. तिच्या घशाला कुणी सुरी लावलेली नाही. मला माहीत आहे, कारण मी शेजारच्या खोलीत राहतो आणि आमच्या दोन घरांमधली भिंत म्हणजे नुसतं प्लायवूड. पलीकडे पापड भाजला तरी कुठल्या बाजूने करपला ते मला इकडे कळतं. प्रितीताईचा आवाज गेला तो कॉलेजच्या एका कोर्समुळे. म्हणजे कोर्समुळे पण नाही. सांगतो.

आधी तो आवाज कसा होता ते ऐका. रिकाम्या पिंपात तोंड घालून कुणी हळू बोललं तर कसं येईल, तसा. खालचा, भरलेला, थोडा घोगरा. तिच्या वडिलांचा, रामजीकाकांचा, जसाच्या तसा. काळाचौकीत गॅस टाकायला येणारा भय्या दार वाजवून, आतून तिचं "कौन?" ऐकून म्हणायचा, "भाईसाब, सिलेंडर." आतून प्रितीताई, "अरे, मैं लडकी हूं." बाहेरून, "ठीक है भाईसाब, पर खाली वाला दे दो." मराठीत तर क्रियापदच ओरडून सांगतं की बोलणारी बाई आहे. ती फोनवर म्हणणार, "मी बघते आणि सांगते", आणि पलीकडचा म्हणणार, "ओके सर." दोन दोन क्रियापदं वाया.

चाळीला त्या आवाजाचं काय करायचं ते एकाच दिवशी बरोबर कळायचं. चौदा एप्रिलला. मिरवणूक आमच्या नाक्यावर आली की डीजे थांबवायचे. आधी ट्रकवर रामजीकाका चढायचे, त्यांचा दमा वाढल्यापासून प्रितीताई. मंडळाचा विकासदादा माईक पुढे करायचा, ती हाताने बाजूला सारायची. मग छाती भरून श्वास, आणि "जय भीम!" नुसत्या तोंडाने. समोरच्या बिल्डिंगमधले लोक ताट सोडून खिडकीत यायचे. तेव्हा कुणी म्हणत नसे की पोरीचा आवाज पुरुषासारखा आहे.

मी सगळ्यांच्या नकला करतो. सीमामावशीची करतो, आमच्या मुख्याध्यापकांची करतो, पाण्याच्या टँकरवाल्याची करतो. प्रितीताईची मात्र जमत नव्हती, माझा आवाज तेवढा खाली जातच नव्हता. मग गेल्या वर्षी तो फुटला आणि दहावीच्या सुट्टीत एकदम जमली. गॅलरीत मी "ए संघर्ष, माझा चार्जर आण" असं तिच्या आवाजात म्हटलं तर आतून तिची आई, कांताकाकी, ओरडली, "तुझा चार्जर टीव्हीमागे आहे गं!" सगळी गॅलरी हसली. प्रितीताई सगळ्यात जास्त.

त्याच जूनमध्ये तिचं बीएचं शेवटचं वर्ष सुरू झालं. सकाळी दादरला कॉलेज, दुपारपासून परळला नोकरी. मिलच्या जागेवर टॉवर झालेत ना, त्यातल्या एकात रक्त-लघवी तपासायचं सेंटर आहे, तिथे फोनच्या टेबलावर. रामजीकाका पालिकेच्या पाण्याच्या कामावर होते, पण कंत्राटी. गुडघे गेले तसे घरी बसले, पेन्शन नाही. घर त्या फोनच्या टेबलावरच चालायचं. आजही चालतं.

कॉलेजात एक विषय बाहेरचा घ्यायचा असतो. हिला नोकरीमुळे उशीर झाला, फोटोग्राफी भरली, टुरिझम भरलं. उरला तो 'जपानी समाज व साहित्यातील लिंगभाव'. कांताकाकीने त्यातला एकच शब्द ऐकला आणि तेवढाच नळावर नेला.

"आमची प्रिती जपानी शिकते. जपानी कंपनीत घेतात म्हणे लगेच."

"आई, जपानी नाही गं. जपानमधल्या बायकांबद्दल आहे."

"मग त्यांना भेटायला नेणार का तुम्हाला?"

"नाही."

"त्यांना माहीत तरी आहे का, तू शिकतेस ते?"

"नाही गं आई."

"मग काय उपयोग?" असं म्हणून काकीने हंडा उचलला. पण नळावर ती जपानी कंपनीच सांगत राहिली.

शिकवायला ऋता मॅडम. मी त्यांना बघायच्या आधीच मला त्यांची नक्कल यायला लागली, कारण प्रितीताई घरी येऊन गॅलरीच्या कठड्याला टेकून सगळं सांगायची. "म्हणजे बघा हं, भाषा ही कधीच निरागस नसते, नाही का." ते 'नाही का' पुण्याचं, शेवटी अलगद ठेवलेलं, जणू बशीवर कप. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी सांगितलं की जपानीत नवऱ्याला जो शब्द वापरतात त्याचा अर्थ मालक, आणि नवरा चारचौघांत बायकोला जे म्हणतो त्याचा सरळ अर्थ 'घराच्या आत'. वर्गातल्या पोरी म्हणाल्या, "ईऽऽ, किती बॅकवर्ड!"

प्रितीताई उठली. "मॅडम, आमच्या घरी आईच्या मोबाईलवर बाबांचं नाव 'मालक' म्हणून सेव्ह आहे. आणि बाबा नाक्यावर उभे असताना आईचा फोन आला तर मित्रांना सांगतात, घरातून फोन आहे."

(ते नाव मीच सेव्ह करून दिलं होतं. काकीने सांगितलं तसं.) तेवढ्यात मागच्या बाकावरून अनिश नावाचा पोरगा म्हणाला, "बरोबर आहे, सर." सगळे फुटले. ऋता मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "प्रिती, याच्यावर लिही तू."

मग तिला जपानने धरलं. रोज काहीतरी नवीन. हजार वर्षांपूर्वी तिथे पुरुष चिनी अक्षरांत लिहायचे आणि दरबारातल्या बायकांनी साध्या वळणाच्या अक्षरांत लिहून लिहून पुरुषांच्या वरताण करून ठेवलं. त्या अक्षरांना नावच 'बाईचा हात'. "बाईचा हात, संघर्ष! आपल्याकडे बाईचा हात म्हणजे काय तर भाकरी." आणि नाटकात तिथे पुरुषच बायका होतात, बाईचा आवाज काढायला वर्षानुवर्षं शिकतात, लोक बघायला गर्दी करतात. मी म्हटलं, "मला घेतील का?" ती म्हणाली, "तुला घेतील. मला मात्र पुरुषाचं काम पण देणार नाहीत."

एकदा मॅडमनी एक क्लिप ऐकवली. जपानमधल्या मोठ्या दुकानात लिफ्ट चालवणारी मुलगी. वर जातोय, खाली जातोय, कृपया सांभाळून, एवढंच सांगते, पण असा आवाज की काचेच्या बांगडीवर नख फिरवावं. मॅडम म्हणाल्या, हीच मुलगी घरी आईशी अशी बोलत नाही. कामावरच्या बाईचा आवाज वर चढवून घेतात. आणि म्हणाल्या, तिथे हल्ली मोजून बघितलंय, बायकांचा आवाज हळूहळू खाली येतो आहे.

त्या दिवशी ती जिना चढतानाच ओरडली, "संघर्ष! तिकडे आवाज खाली यायला लागलाय! म्हणजे मी मागे नाही रे, मी पुढे आहे!"

एवढी खूश मी तिला नंतर बघितली नाही.

तिने प्रोजेक्ट घेतलं, काळाचौकीतल्या बायकांचे दोन आवाज. मोबाईलवर रेकॉर्ड करायची. कांताकाकी मला: "मेल्या, ओल्या पायाने आलास परत!" तेवढ्यात बँकेतून फोन: "हॅलोऽऽ? हो जीऽ, बोला ना साहेऽब." एकाच श्वासात. सीमामावशीचे तर तीन निघाले, तिसरा सासूसाठी. प्रोजेक्ट वर्गासमोर सांगायचं होतं आणि रेकॉर्डिंगमध्ये खरखर फार होती, म्हणून तिने मॅडमना विचारून मला नेलं. मी एकेकीचे दोन-दोन आवाज करून दाखवले, ती मध्ये मध्ये समजावून सांगत होती. अनिशसुद्धा बाक बडवून हसला. शेवटी ऋता मॅडमनी विचारलं, "आणि प्रिती, तुझे दोन आवाज?"

"माझा एकच आहे, मॅडम," ती म्हणाली.

त्या पिंपातल्या आवाजात. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या.

तिथून ती थेट परळला कामावर गेली आणि तिथे हितेंद्र सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. हितेंद्र सर म्हणजे तिथले मॅनेजर. वाईट माणूस नाही, हे प्रितीताईच सांगते. मी त्यांना फोनवर ऐकलंय, तोंडात सुपारी ठेवून बोलल्यासारखं बोलतात. "प्रिती बेटा, बस. बघ, आधी पण दोनदा बोललो मी तुला, सूर जरा अप घे. आता कंप्लेंट आली. पेशंटचा मुलगा बोलतो, तुमच्याकडे कोण माणूस फोन उचलतो आणि नाव प्रिती सांगतो, फ्रॉड आहे. आता सांग, काय करू मी? फोनवर चेहरा दिसत नाय ना. आवाज म्हणजेच तुझा चेहरा. कॉन्ट्रॅक्ट रिन्यूचा टाइम आला तुझा. तोपर्यंत कर काहीतरी. मला पण वर जवाब द्यावा लागतो."

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना सांगितलं. मॅडम चिडल्या. "हा सरळ सरळ भेदभाव आहे. तू लेखी तक्रार कर. मी तुझ्याबरोबर येईन, नक्की येईन."

"आणि मग, मॅडम?"

"म्हणजे?"

"तक्रार केल्यावर. दुसऱ्या दिवशी मी कुठे जायचं?"

मला हा भाग सांगताना प्रितीताईने त्यांची बाजू घेतली. म्हणाली, "त्या काय सांगणार रे? त्यांनी खोटं सांगितलं असतं तर मला जास्त वाईट वाटलं असतं."

घरी तिने यातलं काही सांगितलं नाही. पण प्लायवूडमधून मला ऐकू यायला लागलं. आधी ती लिफ्टवाली. बारीक, चकचकीत, जपानी. मग क्लिप थांबायची आणि प्रितीताई, तोच सूर धरून, मराठीत: "नमस्काऽर, मी प्रिती बोलतेय, मी आपली काय मदत करू शकते?" परत लिफ्टवाली. परत प्रितीताई. ज्या क्लिपवरून मॅडमनी शिकवलं होतं की बायकांना असं का बोलायला लावतात, तीच क्लिप लावून ती असं कसं बोलायचं ते शिकत होती.

मला आधी फार मजा वाटली. मी भिंतीवर थाप मारली. "ताई, कोंबडी कापतेस का?" पलीकडून जुन्या आवाजात "गप रे गाढवा" आलं आणि आम्ही दोघे हसलो. पण माझे कान खोटं बोलत नाहीत. रोज थोडा थोडा तो आवाज छातीतून उठून घशात गेला, घशातून नाकात, नाकातून कपाळात. तिच्या बाजूच्या टेबलावर केझिया म्हणून भायखळ्याची एक मुलगी आहे, तिने पण मदत केली. "फोनवर स्माइल ऐकू येते गं मॅन. तू दात दाखव, आवाज आपोआप वर जातो. मी घरी अशी बोलते का? मम्मी मारेल मला." केझियाला तो आवाज कामावर चढवता यायचा आणि घरी उतरवता यायचा, चपलेसारखा. प्रितीताईने पण तसंच होईल असं धरलं होतं.

कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. हितेंद्र सरांनी पेढे वाटले, खरंच वाटले. त्या संध्याकाळी ती घरी आली आणि दारातून म्हणाली, "बाबा, चहा घेता काऽ?"

आतल्या कॉटवरून रामजीकाका म्हणाले, "कांता, बघ गं, कोण बाई आल्यात."

कांताकाकी हसली. प्रितीताईने खाकरून परत विचारलं. तोच आवाज. तिसऱ्यांदा तिने मुद्दाम खाली ओढून विचारलं, तर तो मध्येच फाटला, काही खाली, काही वर, नुकत्याच मिसरूड फुटलेल्या पोरासारखा. माझ्यासारखा. मी इकडे भिंतीला कान लावून बसलो होतो आणि पहिल्यांदाच मला तिची नक्कल करावीशी वाटली नाही.

घरच्यांना काय, बरंच वाटलं. कांताकाकी नळावर म्हणाली, "जपानीचा क्लास लावला ना, म्हणून बोलणं सुधारलं." गॅसवाला म्हणाला, "मॅडम, सिलेंडर." रामजीकाका मात्र तिच्याशी कमी बोलायला लागले. रागाने नाही. परक्या बाईशी बोलताना माणूस कसा जरा सावरून बसतो, तसे बसायचे.

मग कोर्सची तोंडी परीक्षा झाली. तिने मला नंतर सांगितलं. मॅडमनी विचारलं, कामाच्या जागी बायकांचा आवाज उंच का ठेवला जातो, उदाहरणासह सांग. तिने सगळं बरोबर सांगितलं. ग्राहकाला आपण मोठे आहोत असं वाटावं म्हणून. बाई आहे हे आधी कळावं आणि काय म्हणते ते नंतर. आणि कायम काहीतरी विचारत असल्यासारखं वाक्याचं शेपूट वर उचलायचं, म्हणजे हुकूम वाटत नाही. हे सगळं तिने त्याच आवाजात सांगितलं, प्रत्येक वाक्याचं शेपूट वर उचलून. मॅडम चष्मा काढून पुसत राहिल्या. पूर्ण मार्क दिले.

"अनिश होता बाहेर," ती म्हणाली. "मला बघून म्हणाला, ऑल द बेस्ट, प्रिती. सर नाही म्हणाला."

"मग बरं की."

"हो ना?" ती म्हणाली. आणि ते 'हो ना' पण प्रश्नासारखंच आलं, म्हणून मला कळेना की ती मला विचारते आहे की कसं.

ही गोष्ट मार्चमधली. जयंती जवळ आली होती, खाली मंडपाचे बांबू येऊन पडले होते. मी तिला धीर द्यायला म्हणून म्हटलं, "ताई, तू कशाला एवढं घेतेस? ट्रकवर चढलीस की येईल आपोआप. समोर एवढी माणसं बघितली की आतून येतो तो."

"नाही येणार."

"येणार."

"संघर्ष, मी बाथरूममध्ये नळ सोडून बघितलंय. नाही येत."

"बाथरूममध्ये काय जय भीम येणार? पैज लाव."

"काय लावतोस?"

"मी जिंकलो तर तू एक दिवस कामावर जुन्या आवाजात फोन उचलायचा. हितेंद्र सर पडले पाहिजेत खुर्चीतून."

ती थोडी हसली. "आणि मी जिंकले तर?"

"बोल तू."

"तर तू माझी नक्कल करायची नाहीस. जुन्या आवाजाची. कधीच नाही."

"का? सगळे हसतात की त्याला."

"सगळे हसतात," ती म्हणाली, "आणि म्हणतात, अगदी रामजी. माझं नाव कुणी घेतच नाही. आणि मला आत बसून तो ऐकू येतो. नको रे."

मी टाळी दिली. मला खात्री होती.

चौदा एप्रिलला संध्याकाळी मिरवणूक नाक्यावर आली. डीजे थांबला. प्रितीताई पांढऱ्या साडीत, निळा फेटा बांधून ट्रकवर चढली. मी खाली चाकाजवळ उभा. वर गॅलरीत रामजीकाकांना खुर्ची टाकून दिली होती, ते कठड्याला धरून उठून उभे राहिले. विकासदादाने सवयीने माईक पुढे केला आणि सवयीने मागे घ्यायला लागला. पण तिने तो बाजूला सारला नाही. घेतला.

तिने श्वास घेतला. मी मोजत होतो, आत्ता, आत्ता.

"जय भीऽम?"

असं आलं. लाऊडस्पीकरवरून, गोड, शेपूट वर. जणू विचारते आहे, जय भीम म्हटलं तर चालेल का, आपली काही हरकत नाही ना.

एवढी गर्दी, आणि क्षणभर कुणाला कळलंच नाही की उत्तर द्यायचं आहे. मग पुढची पोरं "जय भीम" म्हणाली, शाळेत हजेरी देतात तशी. मागे कुणीतरी म्हणालं, अरे, हिचा आवाज काय झाला? गाठीची बातमी तिथूनच सुरू झाली. प्रितीताईने परत प्रयत्न केला. तसाच आला. ती हसत होती, दात दाखवून, केझियाने सांगितलं तसं. हसू तिला थांबवता येत नव्हतं. वर गॅलरीत रामजीकाका तोंड उघडून काहीतरी ओरडायला गेले आणि खोकत खाली बसले.

विकासदादा भला माणूस. त्याने हळूच तिच्या हातातून माईक घेतला, खाली वाकला आणि माझ्यापुढे धरला. "संघर्ष, तू दे रे. तुला येतो ना प्रितीचा? दे तिच्यासारखा, जोरात."

बाजूची पोरं ओरडायला लागली, "दे ना! प्रितीसारखा दे!"

मला येत होता. छातीत तयार होता, पूर्ण, तिच्याच मापाचा. मी वर बघितलं. प्रितीताई फेटा सावरत माझ्याकडे बघत होती, आणि तिने काही न बोलता हात पुढे केला, टाळीसाठी करतात तसा.

मी माईक परत केला. म्हटलं, "मला नाही येत, दादा."